कागदावर 'उन्हाने' असं कुणी लिहीत नाही

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

मागच्या अंकात वाढतं तापमान आणि माणसाची तब्येत यावर मी लेख लिहिला होता. त्यात एक वाक्य होतं की हवामान बदलाने माणसं आत्ताच दगावतायत, त्यासाठी पुढच्या पिढीची वाट बघावी लागणार नाही. त्या एका वाक्यावर ढीगभर पत्रं आली, काही काळजीची, काही चिडलेली, आणि खरं सांगते, चिडलेली पत्रं मला जास्त आवडली कारण त्यात नेमके प्रश्न होते. त्यातले काही इथे घेतलेत.

प्रश्न : मी आयुष्यभर हिशोब तपासायचं काम केलं. उष्णतेच्या लाटेत हजारो माणसं गेली असं तुम्ही लिहिता, पण माझ्या माहितीत उन्हाने गेलेला एकही माणूस नाही. दाखल्यावर हार्ट अटॅक असतो, किडनी फेल असतं. मग हा आकडा आणला कुठून? व्हाउचर कुठे आहे? (निवृत्त लेखापाल)

तुमचा प्रश्न शंभर टक्के रास्त आहे आणि दाखला भरणाऱ्या बाजूला मी स्वतः बसलेली आहे म्हणून आधी तिथलं सांगते. कडक उन्हाळ्यात सत्तरीच्या एक बाई आल्या होत्या, आल्या म्हणजे आणलं होतं, वरच्या मजल्यावरची खोली, खिडकी बंद, तीन दिवस घरातच. अंग तापलेलं, कातडी कोरडी, नाडी धावतेय आणि स्वतःचं नाव विचारलं तर काहीतरी भलतंच बोलत होत्या. तासाभरात हृदय बंद पडलं. त्यांना आधीपासून हृदयाचा त्रास होता, जुने रिपोर्ट सोबत होते, मी कारणाच्या रकान्यात हृदयविकार लिहिलं. खोटं नव्हतं ते. पण त्या थंड खोलीत असत्या तर त्या दिवशी गेल्या नसत्या, हे मला तेव्हाही आतून माहीत होतं आणि ते लिहायचा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही.

आता हे होतं कसं ते बघा. बाहेर तापलं की शरीर रक्त कातडीकडे ढकलतं म्हणजे उष्णता बाहेर जाईल, त्यासाठी हृदयाला जास्त जोरात पंप करावं लागतं, घाम जातो म्हणून रक्तातलं पाणी कमी होतं, मग रक्त दाट होतं, किडनीला रक्त कमी मिळतं. तरण्या माणसाचं शरीर हे निभावून नेतं, आधीच दमलेलं हृदय नाही नेऊ शकत. म्हणजे ऊन येतं आणि ज्याचा जो अवयव कमजोर त्याच्यावर बोट ठेवून जातं, आणि कागदावर त्या अवयवाचं नाव लागतं.

म्हणून मोजणारे लोक दाखल्यावरचं कारण बघतच नाहीत. ते विचारतात, या गावात या तारखांना दरवर्षी साधारण किती माणसं जातात आणि या वर्षी किती गेली? वरचा जो फरक तो 'जादा मृत्यू'. तुमच्याच भाषेत, एकेक व्हाउचर सापडत नसलं तरी शिलकीत फरक पडलाय हे तर दिसतं ना, आणि तो नेमका तापलेल्या दिवसांतच पडतो, लाट ओसरली की कमी होतो.

अमेरिकेत शिकागोला जुलै १९९५ मध्ये हेच घडलं. तिथले वैद्यकीय परीक्षक, म्हणजे मृत्यूचं कारण ठरवणारे सरकारी डॉक्टर, एडमंड डोनोह्यू यांच्याकडे इतके मृतदेह आले की बाहेर रेफ्रिजरेटेड ट्रक उभे करावे लागले. मृतदेहाचं तापमान किती, खोली किती तापलेली, माणूस शेवटचा जिवंत कधी दिसला, असे निकष लावून ते 'उष्णतेने मृत्यू' लिहीत होते आणि शहराचे महापौर जाहीरपणे म्हणाले की हे आकडे फुगवलेले आहेत. नंतर शहराची नेहमीची मृत्यूसंख्या काढून तुलना केली तेव्हा उलटंच निघालं. डोनोह्यूंच्या कार्यालयाने ४६५ मृत्यू उष्णतेचे धरले होते, जादा मृत्यू निघाले ७३९. म्हणजे ज्याच्यावर फुगवल्याचा आरोप झाला त्याने कमीच मोजले होते. आपल्याकडे अहमदाबादला मे २०१० मधल्या लाटेत अशाच पद्धतीने १,३४४ जादा मृत्यू निघाले आणि त्या मोजणीतूनच २०१३ मध्ये तिथला उष्णता कृती आराखडा उभा राहिला. आणि २००३ च्या उन्हाळ्यात युरोपभर ७०,००० वर. कुणाच्याच दाखल्यांची बेरीज केली असती तर एवढे सापडले नसते.

आता या मृत्यूंतला हवामान बदलाचा वाटा किती, हा पुढचा प्रश्न तुम्ही विचारणारच. लाटा पूर्वीही यायच्याच. त्यासाठी माणसाने हवा तापवली नसती तर तापमान किती असतं हे मॉडेलने काढतात, त्या तापमानाला किती मृत्यू झाले असते ते काढतात आणि वजाबाकी करतात. २०२१ मध्ये ४३ देशांतल्या ७३२ ठिकाणांची १९९१ ते २०१८ ची आकडेवारी घेऊन असं केलं तेव्हा उष्णतेच्या मृत्यूंपैकी सरासरी ३७ टक्के माणसाने केलेल्या तापमानवाढीच्या खात्यावर गेले. हा अंदाज आहे, त्याला मागे-पुढे मर्यादा आहेत आणि त्या शोधनिबंधात छापलेल्या आहेत.

प्रश्न : येत्या आठवड्याचा पाऊस यांना धड सांगता येत नाही आणि पन्नास वर्षांनंतरचं तापमान सांगतात. यावर भरवसा ठेवायचा?

उद्या ओपीडीत कोण येणार हे मला विचाराल तर मी नाही सांगू शकत. पण पावसाळा लागला की दोनतीन आठवड्यांनी तापाचे पेशंट वाढतील हे मी डोळे मिटून सांगेन. तसंच आहे हे. हवामानाचा रोजचा अंदाज वेगळा आणि हवेत उष्णता अडकवणारा वायू वाढला तर सरासरी वर जाईल हे वेगळं, आणि हे दुसरं समजायला कॉम्प्युटरही लागला नव्हता.

१८५६ साली युनिस फूट नावाच्या अमेरिकन बाईंनी काचेच्या नळकांड्यांत थर्मामीटर ठेवले, एकात साधी हवा भरली, एकात कार्बन डायऑक्साइड, आणि उन्हात ठेवलं. कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं जास्त तापलं, आणि उन्हातून काढल्यावर थंड व्हायला कितीतरी पट जास्त वेळ लागला. वातावरणात हा वायू जास्त असेल तर पृथ्वी जास्त गरम असेल, असं त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं. (त्यांचा निबंध परिषदेत त्यांनी स्वतः नाही वाचला, जोसेफ हेन्री या पुरुष शास्त्रज्ञाने वाचला, आणि पुढे शंभर-दीडशे वर्षं त्यांचं नाव कुणाला माहीत नव्हतं, हे मला फार लागतं.) तीन वर्षांनी जॉन टिंडल यांनी नेमकी उष्णतेचीच किरणं हा वायू शोषतो हे मोजून दाखवलं आणि १८९६ मध्ये स्वांते अऱ्हेनियस यांनी वायू दुप्पट झाला तर किती तापेल त्याचं गणित कागदावर मांडलं. हवाईच्या मौना लोआ डोंगरावर १९५८ पासून हा वायू मोजतायत, तेव्हा दहा लाखांत साधारण ३१५ भाग होता, आता ४२० च्या वर गेलाय. आणि २०२४ हे वर्ष औद्योगिक काळाआधीच्या तुलनेत साधारण दीड अंशाने जास्त गरम भरलं. कुठल्या वर्षी कुठल्या गावात किती, हे कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्यावर नका ठेवू भरवसा. दिशा मात्र जवळपास सव्वाशे वर्षांपूर्वीच सांगून झालीये.

प्रश्न : हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत वितळून जातील असं आयपीसीसीने (हवामान बदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने) लिहिलं होतं आणि ते साफ चुकीचं निघालं. एवढी मोठी संस्था एवढी मोठी चूक करते, मग बाकीचं तरी बरोबर कशावरून?

चूक झाली होती, मोठी झाली होती, त्यावर पांघरूण घालायचं काही कारण नाही. २००७ च्या अहवालात परिणामांवरचा जो खंड होता त्यात ते वाक्य आलं, शास्त्रीय तपासणी न झालेल्या एका अहवालातून उचललेलं होतं, आणि जानेवारी २०१० मध्ये आयपीसीसीने चूक झाल्याचं जाहीर मान्य केलं. पण ती पकडली कुणी बघा. हिमनद्यांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनीच. एवढ्या जाडीचा बर्फ एवढ्या थोड्या वर्षांत वितळूच शकत नाही हे त्यांना वाचल्यावर कळलं. बर्फाबद्दलचा मूळ विज्ञानाचा जो खंड होता त्यात तर हा दावा नव्हताच. त्यानंतर जगभरच्या विज्ञान अकादमींच्या मंडळाकडून कामाची पद्धत तपासून घेतली, नियम कडक झाले. २०२१ च्या अहवालाच्या पहिल्या खंडासाठी १४,००० च्या वर शोधनिबंध वाचले गेले आणि मसुद्यावर आलेल्या ७८,००० च्या वर शेऱ्यांना उत्तरं द्यावी लागली.

मला शिकताना सांगितलं होतं की पोटातला अल्सर टेन्शनने आणि ॲसिडने होतो. सगळ्या पुस्तकांत तेच. मग ऑस्ट्रेलियातले बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन म्हणाले की हे एका जिवाणूचं काम आहे, फारसं कुणी ऐकेना तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी त्या जिवाणूंचं पाणी स्वतः प्यायलं, पोटाला सूज आली, दुर्बिणीने तपासलं तर जिवाणू तिथे हजर. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं आणि आज अल्सरला अँटिबायोटिक देतात. माझं शिक्षण तेवढ्यापुरतं चुकलेलं होतं आणि ते विज्ञानानेच दुरुस्त केलं, तरी मी त्या अल्सरपायी सगळं वैद्यक सोडून दिलं नाही. कुठल्याही माणसाबद्दल, संस्थेबद्दल मी एवढंच बघते की चूक सापडल्यावर हे लोक काय करतात. दुरुस्ती छापतात का, की चूक दाखवणाऱ्याचं तोंड बंद करतात?

प्रश्न : थंडीने उन्हापेक्षा जास्त लोक मरतात असं वाचलं. मग जग थोडं गरम झालं तर फायदाच की, हे कुणी का सांगत नाही?

सांगतात, छापूनही येतं, पण बातमीत पोचत नाही. तुम्ही वाचलेलं खरं आहे. २००० ते २०१९ या काळाचा जगाचा अंदाज काढला तेव्हा तापमानाशी जोडलेले वर्षाला साधारण ५० लाख मृत्यू निघाले आणि त्यातल्या दहातले नऊ थंडीच्या बाजूचे. एवढंच काय, त्या वीस वर्षांत थंडीचे मृत्यू जेवढे कमी झाले तेवढे उन्हाचे वाढले नाहीत, म्हणजे आतापर्यंतची गोळाबेरीज किंचित फायद्याचीच होती. हे लपवायचं काहीच कारण नाही, लपवलं तरच लोकांचा विश्वास उडतो.

पण त्या 'थंडी'त हाडं गोठवणारी थंडी फार थोडी आहे. ज्या तापमानाला सगळ्यात कमी माणसं दगावतात त्याच्या खालचा प्रत्येक दिवस थंडीत धरला जातो, आणि असे किंचित गार दिवस वर्षात खूप असतात, त्यात फ्लू, न्यूमोनिया, बंद खोल्यांतली गर्दी सगळंच मिसळतं, त्यामुळे थर्मामीटर दोन अंश चढला म्हणून ते सगळे मृत्यू पुसले जात नाहीत. उन्हाचं वागणं वेगळं आहे. एका पातळीपर्यंत फारसं काही होत नाही आणि तिथून पुढे धोका एकदम चढतो, आणि एक-दोन दिवसांत माणूस जातो. दमट हवेत तर घाम येतो पण वाळतच नाही, नुसता ओघळतो, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होतच नाही, मग तुम्ही कितीही धडधाकट असा. म्हणून ते संशोधन करणारेच लिहितात की तापमान असंच चढत गेलं तर पुढे ही गोळाबेरीज उलटी व्हायला लागेल. शिवाय फायदा होणार थंड देशांना, तोटा आधीच तापलेल्या देशांतल्या, उन्हात राबणाऱ्या माणसाला. एकाच्या खात्यातून काढून दुसऱ्याच्या खात्यात टाकलं की बेरीज तीच राहते, पण ज्याच्या घरचा माणूस गेला त्याला ही बेरीज काय सांगणार?

प्रश्न : पंखा असला की पुरे ना?

सावलीत ४० अंशांच्या खाली असेल तर मदत होते. त्याच्या वर गेलं की पंखा गरम हवाच अंगावर फेकतो, तेव्हा अंग ओलं करा, ओला कपडा मानेवर ठेवा आणि जागा बदला.

प्रश्न : डेंग्यू वाढला की हवामान बदल, दमा वाढला की हवामान बदल. साचलेलं पाणी, कचरा, वाढलेली गर्दी यांचं काहीच नाही का? मला तर हे जबाबदारी झटकणं वाटतं.

मलाही कधीकधी तसंच वाटतं आणि तुमचं पत्र वाचून बरं वाटलं. पाणी साठवलेली पिंपं, पडून राहिलेले टायर, दाटीवाटीने वाढलेली शहरं, आज इथे तर उद्या तिथे जाणारी माणसं, यांच्याशिवाय डेंग्यू एवढा पसरला नसता. 'हवामान बदलामुळे डेंग्यू' एवढं एकच वाक्य कुणी सांगत असेल तर ते अर्धवट आहे.

तरी तापमानाचं काम काय ते सांगते, कारण ते फार नेमकं आहे. डास डेंग्यूच्या पेशंटला चावला की लगेच दुसऱ्याला आजार देऊ शकत नाही. विषाणू आधी डासाच्या पोटात वाढावा लागतो, मग लाळेपर्यंत पोचावा लागतो. २५ अंशांना याला सरासरी १५ दिवस लागतात, ३० अंशांना साडेसहा. आणि डासाचं आयुष्यच मुळात दोनचार आठवड्यांचं, म्हणजे गार हवेत बरेच डास कुणाला आजार द्यायच्या आधीच मरून जातात, गरम हवेत तेच डास वेळेत तयार होतात. पाच अंशांचा फरक आणि सगळा खेळ बदलला. नेपाळमध्ये डेंग्यूचा पहिला रुग्ण २००४ साली नोंदला गेला आणि २०२२ च्या एका वर्षात ५४,००० च्या वर रुग्ण झाले. त्यात प्रवास आहे, शहरं आहेत आणि पूर्वी डासाला न मानवणारी उंची आता मानवायला लागली हेही आहे. मलेरियाचं मात्र असं सरळ नाही, त्याला २५ अंशांच्या आसपासच जास्त मानवतं, फार तापलं तर तो काही ठिकाणी कमीही होऊ शकतो.

म्हणून पिंप रिकामं करायचं काम तुमचं, माझं आणि पालिकेचं आहेच, त्यातून हवामान कुणाची सुटका करत नाही. उलट ते आता जास्त वेळा करावं लागेल, कारण डासाला पूर्वीपेक्षा कमी दिवस पुरतात.

प्रश्न : आमच्या घरच्या ग्रुपवर काका रोज 'हवामान बदल हे थोतांड' असे फॉरवर्ड टाकतात. मी सगळ्यांसमोर आकडे देऊन खोडून काढलं, आता ते माझ्याशी बोलतच नाहीत. लोकांचा विज्ञानावरचा विश्वास उडालाय का? (कॉलेजची विद्यार्थिनी)

उडालेला नाही ग. २०२५ मध्ये ६८ देशांतल्या जवळजवळ ७२,००० लोकांना विचारलेलं सर्वेक्षण आलं, शास्त्रज्ञांवरचा विश्वास पाचपैकी सरासरी ३.६२ निघाला. हा वाईट नाही. तुझ्या काकांसारखे लोक दिसतात जास्त कारण ते रोज टाकतात, बाकीचे गप्प असतात.

आणि शंका विकत मिळते हे लक्षात ठेव. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या एका सिगारेट कंपनीच्या अंतर्गत कागदात स्पष्ट लिहिलं होतं की 'शंका हेच आपलं उत्पादन आहे'. सिगारेट सुरक्षित आहे हे सिद्ध करायची त्यांना गरजच नव्हती, 'अजून पक्कं काही ठरलेलं नाही' एवढं लोकांच्या मनात राहिलं की विक्री चालू. तेलाच्या धंद्यातही तेच. एक्सॉन कंपनीच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी १९७७ पासून पुढे केलेली तापमानवाढीची भाकितं २०२३ मध्ये तपासली गेली तर ती बहुतेक बरोबर निघाली, आणि त्याच काळात कंपनी बाहेर लोकांना हे सगळं अनिश्चित आहे म्हणून सांगत होती. हे फॉरवर्ड काकांनी नाही बनवलेले, ते त्यांच्यापर्यंत पोचवले गेलेत. तेव्हा काकांवर राग धरू नकोस.

सगळ्यांसमोर खोडून काढलंस तिथे चुकलं, आकडे बरोबर असतील तरी. पेशंटला नातेवाइकांसमोर 'तुम्ही चुकीचं वागलात' म्हटलं की तो पुढच्या वेळी येतच नाही, हे मी स्वतः करून शिकले. एकटी जा त्यांच्याकडे. आधी सॉरी म्हण. मग त्यांना विचार की तुमच्या लहानपणी रात्री किती वाजता गार व्हायचं आणि आता कधी होतं? खरंच ऐक, मध्ये बोलू नकोस. रात्रीचं तापमान महत्त्वाचं असतं, दिवसभर तापलेलं शरीर रात्रीच सावरतं, आणि रात्र गार झाली नाही तर दुसऱ्या दिवसाचं ऊन दमलेल्या शरीरावर पडतं. हे तू सांगितलंस तर त्यांना ते आकड्यांपेक्षा लवकर पटेल, कारण त्यांची झोपमोड होतेच आहे.

प्रश्न : आई ७४ वर्षांची आहे, बीपीची आणि पायाच्या सुजेची गोळी चालू आहे. ती म्हणते मला तहानच लागत नाही. उन्हाळ्यात काय बघायचं?

तिचं खरं आहे, वयाबरोबर तहान कळेनाशी होते, म्हणून तहानेवर सोडू नका. सुजेची गोळी बहुतेक लघवी वाढवणारी असते, तिने शरीरातलं पाणी आणि मीठ दोन्ही जातं. बीपीच्या काही गोळ्यांनी उष्णता सोसायची ताकद कमी होते, मानसिक आजाराच्या काही गोळ्यांनी घामच कमी येतो. पण तुम्ही स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नका आणि पाणीही भरमसाट पाजू नका, हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर जास्त पाणी तिलाच जड जाईल. लाट यायच्या आधी, आत्ताच, तिच्या डॉक्टरांकडे जा आणि दोनच गोष्टी विचारा, तापलेल्या दिवसांत या गोळीचं प्रमाण बदलायचं का आणि दिवसाला पाणी किती. उत्तर कागदावर लिहून घ्या, गोळ्यांच्या डब्याला चिकटवा.

आणि एक. भर उन्हात ती असंबद्ध बोलायला लागली, झोकांड्या जायला लागल्या किंवा अंग चटका बसेल इतकं तापलं तर घाम येतोय की नाही हे बघत बसू नका, ॲम्ब्युलन्सला फोन करा आणि ती येईपर्यंत सावलीत घेऊन अंगावर गार पाणी ओता, वारा घाला. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका. हॉस्पिटलमध्ये पोचल्यावर खोली किती तापलेली होती आणि ती किती वेळ तिथे होती ते डॉक्टरांना आपणहून सांगा, त्यांनी विचारलं नाही तरी.

मी त्या बाईंच्या घरच्यांना हे विचारलं नव्हतं.